पाहुणीला सांगितलेली किंमत

जरा कल्पना करा. सकाळचे सात वाजले आहेत आणि तुम्ही एका लाकडी बाकावर बसला आहात. बाक इतका अरुंद, की शेजारी शिंकला तर तुमच्या वाटीतलं सूप हिंदकळावं. समोर मिनाहकाकूंचा गाडा. कोंबडीचं पिवळं सूप, त्यात भात, वर तळलेला कांदा आणि लिंबाची फोड. पाठीमागे, जकार्तापासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या सोलो शहराचा मोबाइल बाजार नुकता कुठे शटरं उघडतोय.

आता तुमच्या डाव्या हाताला एक मुलगी बसवा. केस ओले, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन. उजव्या हाताला एक तरुण बसवा. बारीक अंगाचा, बोटं लांब, खिशाला छोटे स्क्रूड्रायव्हर अडकवलेले. मधे तुम्ही. पण तुम्हाला आता उठावं लागेल, कारण गोष्ट त्या दोघांची आहे.

तुम्ही उठलात, बाक हलला आणि मुलीचा फोन सरळ तिच्या वाटीत पडला.

मुलगी ओरडणार, तोवर त्या तरुणाने दोन चमच्यांच्या चिमटीत फोन बाहेर काढलासुद्धा. रोज सकाळी तो हेच करत असावा, अशा शांतपणे.

"सूप खारट असतं," तो हळूच म्हणाला. "लगेच उघडायला हवा. माझं दुकान इथेच आहे… तुमची हरकत नसेल तर."

"हरकत कसली? अहो, माझा फोन शिजतोय."

मुलीचं नाव लास्मा. दूरच्या बेटावरच्या मेदान शहरातली, बातक जमातीची मुलगी. आवाज खणखणीत, आणि पोटात एक ओठात एक हे तिच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. तरुणाचं नाव सेनो. जन्म सोलोचा, म्हणजे बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे.

दुकान म्हणजे कपाटाएवढी जागा आणि एक काचेचा गल्ला. सेनोने फोन उघडला. लहान बाळाच्या दात घासायच्या ब्रशाने एकेक भाग पुसला. स्पीकरच्या जाळीतून तळलेल्या कांद्याचा तुकडा निघाला. तो त्याने कागदावर ठेवून अदबीने तिच्यापुढे सरकवला.

"हा तुमचा."

लास्मा इतकी मोठ्याने हसली की तीन दुकानांतल्या माना वळल्या. फोन सुरू झाला तेव्हा तिने पर्स उघडली आणि किती झाले विचारलं.

"तुम्हाला योग्य वाटेल ते."

"मला फुकट योग्य वाटतं."

"चालेल."

मेदानमध्ये असं कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड लागलंय असं समजून लोकांनी डॉक्टरकडे नेलं असतं. तिने रागारागाने पन्नास हजारांची नोट ठेवली. त्याने वीस हजार परत केले, तेही दोन्ही हातांनी. (आकड्यांना बिचकू नका. तिथल्या चलनात सूपची वाटीच बारा हजारांना मिळते, आणि दुकानात राबणाऱ्याला महिन्याचे बावीस लाख मिळाले तर तो नशीबवान.)

गंमत अशी, की किमती हेच लास्माचं काम होतं. बाहेरदेशीच्या एका कंपनीने नवा फोन काढला होता. पाठीमागे कॅमेऱ्याचे तीन डोळे, काच तळ्यासारखी नितळ, किंमत एक कोटी ऐंशी लाख. मोठ्या शहरांत तो खपत होता. पण सोलोसारख्या गावांत खपेल का आणि कोणत्या किमतीला, हे शोधायला कंपनीने जिला पाठवलं, तिच्या स्वतःच्या फोनची काच तीन ठिकाणी तडकलेली होती.

तिच्याकडे चार प्रश्न असत. हा फोन कितीला मिळाला तर तुम्हाला संशय येईल, एवढा स्वस्त कसा म्हणून? कितीला मिळाला तर आनंद होईल? किती झाला तर महाग वाटेल, पण तरी विचार कराल? आणि कितीला अगदीच नको म्हणाल? अशी तीनशे माणसांची उत्तरं जमवायची आणि खाली सही करून जकार्ताला पाठवायची.

सेनोच्या दुकानापुढे माणसं ताटकळत बसलेली असायचीच. इथे बसून विचारू का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. तो सगळ्यांनाच हो म्हणत असे, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग तीन आठवडे ती तिथे बसली. नमुन्याचा फोन ती पुढे करी, तेव्हा माणसं आधी शर्टाला हात पुसत आणि मगच त्याला शिवत. न्हावी दर्मोकाका म्हणाले, दीड कोटी म्हणजे काही फार नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, एक कोटी साठला नक्की घेईन. कुणी नाही म्हणेना. लास्माचे गाल रोज थोडे अधिक खुलत.

दुपारी एकला वुलान यायची. वुलान सेनोच्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची. आई हाँगकाँगला एका म्हातारीची सेवा करायला गेली होती. दोन वर्षांसाठी म्हणून गेली, त्याला आता पाच झाली. वडिलांविषयी घरात कुणी बोलत नसे. वुलान आजी आणि मामापाशी वाढत होती. गणवेशातच स्टुलावर बसून ती किमतींचे पुठ्ठे पत्त्यांसारखे हातात धरी आणि लास्मा म्हणेल तो वर करी.

"मावशी, इथे नाही कसं म्हणतात माहितेय?" तिने एकदा विचारलं. "अजून नाही, असं म्हणतात. जेवलास का? अजून नाही. चंद्रावर गेलायस का? अजून नाही."

लास्माला हा खेळ फार आवडला. चारच्या सुमाराला पत्र्यावर पाऊस वाजू लागे, गिऱ्हाईक थांबे, सेनो डोळ्याला भिंग लावून एखाद्या फोनवर वाकलेला असे. लास्मा त्याच्या मानेकडे पाही. ती पाहते आहे हे त्याला कळे, कारण नेमका तेव्हाच त्याच्या चिमट्यातून स्क्रू निसटे.

"सेनो, तुझं लग्न झालंय?" तिने विचारलं. तिने त्याला दुसऱ्याच दिवशी अरे-तुरे सुरू केलं होतं. तो अजून तुम्हीवरच होता.

"अजून नाही."

"कुणी आवडतं?"

"अजून…"

आणि तो थांबला. पाऊस वाजत राहिला. पुढचा शब्द उच्चारला असता तर ते खोटं झालं असतं, आणि न उच्चारणं म्हणजे सांगून टाकणंच होतं. तो खाली वाकून हरवलेला स्क्रू शोधू लागला. स्क्रू हरवलेलाच नव्हता. लास्मा हसली नाही. तिने कागदातला तळलेल्या टेम्पेचा, म्हणजे सोयाबीनच्या वडीचा, शेवटचा तुकडा मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे ठेवला. सोलोत शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही, तो तसाच गार होतो. सेनोने तो उचलला.

रविवारी दोघं एकाच चर्चमध्ये दिसू लागली. ती छत उडेल इतक्या मोठ्याने गाई. तो मागच्या रांगेत नुसते ओठ हलवी. बाहेर पडल्यावर आजी म्हणाल्या, मुलीचा गळा चांगला आहे, घरात असा एक तरी आवाज हवा. म्हातारं माणूस असं उगाच बोलत नसतं. सेनोचे कान लाल झाले.

दोनशे नव्व्याण्णव उत्तरं झाली तेव्हा जकार्ताहून साहेबांचा फोन आला. आकडे उत्तम आहेत, असेच राहिले तर सोलोत कंपनीचं मोठं दुकान उघडू, दुरुस्तीची खोली असेल आणि दुकान लास्माच सांभाळेल. ती धावतच आली. नदीपलीकडे एक छोटं घर भाड्याने आहे, दारात आंब्याचं झाड आहे, हे तिने एका दमात सांगितलं. घर कुणासाठी, एकटीसाठी की आणखी कुणासाठी, हे सांगितलं नाही. पण सांगताना ती आजींना बसायला ओसरी आहे असं म्हणाली.

"आता फक्त तू राहिलास," तिने कोरा कागद काढला. "तीनशेवा. मुद्दाम ठेवलाय. सांग, हा फोन कितीला मिळाला तर…"

सेनोने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. गल्ल्याच्या काचेवर तो बराच वेळ बोटाने काही पुसत राहिला. तिथे काहीच नव्हतं.

"मी घेणार नाही," तो म्हणाला.

"अरे, तसं नाही विचारलं मी…"

"नाही, लास्मा. मी घेणार नाही. आणि त्या दोनशे नव्व्याण्णव जणांतलाही क्वचितच कुणी घेईल."

वुलानने हातातले पुठ्ठे खाली ठेवले. मामाच्या तोंडून तिने नुसता नाही हा शब्द कधी ऐकला नव्हता. आणि लास्माला त्याने नावाने हाक मारली, तीही आजच, पहिल्यांदा.

मग तो सांगत गेला, नेहमीच्याच मऊ आवाजात. दर्मोकाका गेल्याच महिन्यात आले होते, फुटकी काच चिकटपट्टी लावून आणखी एक वर्ष चालेल का विचारायला. शाळेतल्या बाईंचा फोन त्यांच्या भावाचा जुना आहे. ही माणसं खोटारडी नाहीत. पण दूरवरून आलेली मुलगी उन्हात बसून इतक्या आशेने विचारते आहे. परवडत नाही म्हटलं तर तिचं तोंड उतरेल.

"घरी आलेल्या पाहुण्याला आपण चहा देतो ना," तो म्हणाला, "तसा त्यांनी तुम्हाला आकडा दिला."

लास्माच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

"आणि तू तीन आठवडे हे नुसतं ऐकत बसलास?"

"हो."

"का?"

पलीकडच्या दुकानात कुणी तरी फोनच्या घंटा एकामागून एक वाजवून बघत होतं. त्या थांबेपर्यंत तो थांबला.

"दुकान झालं असतं तर… तुम्ही इथे राहिला असता."

एखाद्या मुलीला आयुष्यभर आठवावं असं ते वाक्य होतं. पण ते आलं कधी, तर पायाखालची जमीन सरकत असताना. लास्माचे डोळे भरून आले. राग कुठला आणि दुसरं काही कुठलं, हे तिचं तिलाच वेगळं करता येईना.

"मग आज तरी कशाला सांगितलंस? गप्प बसायचं होतंस."

"कागदाखाली सही तुमची असणार होती."

ती उठली आणि निघून गेली. पुठ्ठे तिथेच राहिले.

दोन दिवस ती फिरकली नाही. दोन्ही दिवस सेनोने काम केलं आणि दोन्ही दिवस एकेक फोन उलटा जोडला. मिनाहकाकूंनी विचारलं, भांडलात का? तो म्हणाला, अजून नाही. काकूंनी त्याच्या वाटीत न मागता आणखी कांदा घातला.

तिसऱ्या दिवशी लास्मा आली. आवाज बसलेला, डोळे सुजलेले, पण केस घट्ट बांधलेले. वुलानला दुपारची माझ्याबरोबर पाठव, एवढंच म्हणाली. या वेळी तिने तो तीन डोळ्यांचा फोन बाहेर काढलाच नाही. ती माणसांच्या ओसरीवर बसली आणि त्यांचा फोन बघायला मागितला. हा कधी घेतलात, आधी कुणाचा होता, केवढ्याला पडला, पडला तर कुठे नेता? मग मात्र माणसं खुलली. आपल्या वस्तूविषयी बोलताना कुणाला नाही म्हणावं लागत नाही. बाईंनी भावाचा तो जुना फोन लोकरीच्या विणलेल्या पिशवीतून काढून दाखवला. दर्मोकाका तर चिकटपट्टी कशी लावायची ते शिकवायला बसले. त्यांच्या डोळ्यांत इतका अभिमान होता, की लास्माला नमुन्याच्या फोनचीच लाज वाटली.

शेवटी खरा आकडा निघाला. तीस लाखांच्या आसपास. तिने लिहिलं, की एक कोटी ऐंशी लाखांना इथे मूठभरच फोन खपतील. दुकान उघडू नका. यायचंच असेल तर स्वस्त फोन घेऊन या, आणि दुरुस्त करणारा माणूस चांगला बघा. खाली तिने सही केली. सही करताना सेनो समोर होता. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आठवड्याने उत्तर आलं. दुकान रद्द. साहेब आधी चिडले होते, पण मग त्यांनी खऱ्या कामाची वाखाणणी केली आणि बक्षीस दिलं. मनिलाला दोन वर्षांचं मोठं काम, पगार दुप्पट. लास्माचा धाकटा भाऊ डॉक्टर होत होता, दुसऱ्या वर्षाला. वडील नव्हते. घरात कमावणारी ती एकटीच. नको म्हणायची सोय नव्हती. तिने हे सेनोला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, चांगली बातमी आहे.

दोन वर्षं, हे वुलानने ऐकलं. ती बोटांवर काही तरी मोजू लागली आणि पाचव्या बोटाशी थांबली.

निघायच्या दिवशी दुपारी लास्मा आजींचा निरोप घ्यायला घरी आली. चपला तिने दाराबाहेर काढल्या. सोलोत पाहुणा आत बसला की घरातल्या लेकराने बाहेर जाऊन त्याच्या चपला रस्त्याकडे वळवून ठेवायच्या, म्हणजे निघताना त्याला अवघडायला नको. ते काम वुलानचं होतं. आज ती जागची हलली नाही. आजींनी डोळ्यांनी खुणावलं, तरी नाही.

चहा झाला. केळ्याची भजी झाली. साडेतीनला लास्मा म्हणाली, येते मी आता. आजी म्हणाल्या, एवढी काय घाई? असं म्हणायचंच असतं. पाहुण्यानेही लगेच उठायचं नसतं. ती बसली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, येते मी. आजी पुन्हा म्हणाल्या, अगं, एवढी काय घाई? आणि या वेळी भांडी उचलायच्या निमित्ताने त्या आत गेल्या.

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. लास्मा उठली. खोलीत ती होती, सेनो होता आणि कोपऱ्यात वुलान.

"एवढी काय घाई?" सेनो म्हणाला.

तेच शब्द. गावातल्या घराघरांत, प्रत्येक पाहुण्याला, रोज म्हटले जाणारे. त्याच्याजवळ दुसरे नव्हते. लास्मा त्याच्याकडे बघत राहिली. आता तिला इथलं बोलणं थोडं थोडं कळू लागलं होतं, पण थोडंच.

"सेनो," ती म्हणाली, "हे पाहुणचाराचं बोलतोयस की खरं? एकदाच सांग. खरं असेल तर मी बॅग उतरवते. पुढचं पुढे बघू."

ती उतरवेल, हे त्याला माहीत होतं. ती जे बोले तेच तिच्या मनात असे. मेदानमधला तिचा धाकटा भाऊ त्याने कधी पाहिला नव्हता, पण पुस्तकं मिटून घरी परतलेला असा तो त्याला स्पष्ट दिसला. सेनो हसला. इतकं नीटनेटकं हसू वुलानने मामाच्या चेहऱ्यावर फक्त अवघड गिऱ्हाइकांसमोर पाहिलं होतं.

"पाहुणचाराचं," तो म्हणाला. "आमच्याकडे म्हणतात तसं."

लास्माने मान हलवली. एकदा, दोनदा. मग ती दाराकडे वळली.

चपला अजून घराकडे तोंड करून होत्या. लास्मा वाकणार, तोच सेनो पायरीवर गुडघ्यांवर बसला. त्याने आधी एक चप्पल वळवली, मग दुसरी. बारीक कामात कधी न चुकणारी ती लांब बोटं दोन साध्या चपलांवर बराच वेळ रेंगाळली. लास्माने पाय घातले. तिचा हात त्याच्या खांद्यावर क्षणभर टेकला, तोल सावरायला टेकावा तसा… आणि उचलला गेला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. धूळ खाली बसली. आजी दारात येऊन उभ्या राहिल्या, पुन्हा आत गेल्या. सेनो पायरीवरच बसून होता, अनवाणी, रिकाम्या रस्त्याकडे बघत.

वुलान त्याच्याजवळ आली नाही. ती घरात गेली. कपाटाच्या तळाशी मामाचे चर्चला जायचे बूट होते, ते तिने ओढून काढले, फ्रॉकच्या टोकाने पुसले, बाहेर आणले आणि त्याच्या पायांशी ठेवले. दोन्ही सारखे, शेजारी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून.